‘परभणीला न्या’ हे काही औषध नाही

बोरी आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या समस्त गावकऱ्यांनो,

पाऊस नुकताच सुरू झाला होता. शेजारचा सालगडी आखाड्यावर भुईलाच अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. पायाला धड खूणही नव्हती. कुणी म्हणालं पित्त असेल, कुणी सोडा पाजला. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या. टेम्पोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी ‘डोळे उघड, डोळे उघड’ म्हणत होतो आणि तो बिचारा नुसत्या कपाळाला आठ्या घालत होता. पापण्या उचलतच नव्हत्या. मण्यार चावली होती. ज्या सरकारी दवाखान्यात आधी पोचलो तिथं पलंग होता, पंखा होता, लस नव्हती. चिठ्ठी मिळाली : पुढं न्या. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका इमारतीशी नाही. शहरात खासगीत, श्वासाच्या मशीनवर माणूस वाचला. दोन शेळ्या, बायकोची पोत आणि पुढच्या सालाची उचल, सगळं बिलात गेलं.

ही ‘पुढं न्या’ची चिठ्ठी म्हणजे मराठवाड्यात सगळ्यात सढळ हातानं वाटलं जाणारं औषध!

बोरीला ग्रामीण रुग्णालय आहे. सरकारच्याच मापानं असं रुग्णालय ३० खाटांचं असतं आणि सपाट मुलखात साधारण १ लाख २० हजार लोकांसाठी एक. म्हणजे ते एकट्या बोरीचं नाही, जिंतूर-परभणी रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांचं आहे. रुग्णालयाचा विषय निघाला की आपली पहिली मागणी ठरलेली : खाटा वाढवा, दर्जा वाढवा, नवी इमारत द्या. पुढाऱ्यांना ही मागणी फार आवडते. नारळ फोडता येतो, कोनशिलेवर नाव येतं. रात्री दोन वाजता जागा असलेला डॉक्टर कोनशिलेवर कोरता येत नाही, म्हणून तो कुणी मागत नाही.

मी तोच मागतोय. श्वासाचं मशीन बोरीला आणा, असं माझं म्हणणं नाही. सापाचंच घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते. विष भिनल्याची लक्षणं दिसली की पहिल्या डोसाला ८ ते १० बाटल्या लागतात. घोणशीचं विष रक्तात उतरलं का, हे बघायला लाखाचं यंत्र नको. काचेची एक कोरडी, स्वच्छ नळी घ्यायची, तिच्यात दोन मिली रक्त घालायचं, २० मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग हळूच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर लस सुरू. मण्यार आणि नागापुढं ही नळी मुकी आहे. तिथं पापण्या बघायच्या, श्वास मोजायचा, हातानं दाबायची श्वासपिशवी उशाशी ठेवायची. एवढं करून मग रोग्याला १०८च्या रुग्णवाहिकेत घालून परभणीला पाठवा, कोण नको म्हणतंय? पाठवा, पण लस चालू करून पाठवा.

‘खेड्यात एवढं जमत नाही’ हे आम्हाला सांगू नका. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ साली रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथं लाल विंचू चावला की माणसं पटापट मरत. हा गडी रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसला, नोंदी केल्या, पुढं रक्तदाबाची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी विंचवावर वापरून पाहिली. शेकडा चाळीसच्या घरातले मृत्यू एकाच्या आसपास आले. मोठी इमारत नव्हती. जागा राहणारा माणूस होता.

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली तर अ‍ॅट्रोपिन लागतं, तेही फार महाग नाही. बाळंतीण आली तर २०११ पासूनच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. बीपी-शुगरवाल्यांसाठी बाजाराच्या दिवशी वेगळी ओपीडी ठेवा. म्हातारी माणसं त्या दिवशी तशीही येतात. परभणीत २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथला एक फिजिशियन महिन्यातून दोन बाजार इकडे का येऊ नये? आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांना गोळ्यांचा पुढच्या महिन्यांचा साठा बांधून द्या. फडात कोण देणार?

कायद्याचं म्हणाल तर १९९६ साली सुप्रीम कोर्टानं हे निकालात काढलंय. बंगालमधला हकीम शेख रेल्वेतून पडला, सरकारी दवाखान्यांनी ‘खाट नाही’ म्हणत फिरवला. कोर्टानं सांगितलं, वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचाच भंग. सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

आता थोडं आपल्या पदरातलं. साप चावला की आधी मारुतीच्या पारावर नेतो कोण? आपणच. डॉक्टरनं नुसत्या गोळ्या दिल्या की ‘सलाईन लावा’ म्हणून हट्ट धरतो कोण? आणि डॉक्टर मुक्कामी राहत नाही म्हणून बोंब मारताना त्याच्या क्वार्टरला पाणी आहे का, नर्सताई रात्री एकटी असते का, हे कधी विचारलंय? रुग्ण कल्याण समिती नावाची गोष्ट असते. तिच्यावर आपल्या भागातून कोण आहे, हे दहा माणसांना विचारून पाहा.

म्हणून सुरुवातीला मागणी एकच, साधी. रुग्णालयाच्या दारात एक फळा लावा. आज ड्युटीवर कोण, सापाच्या लसीच्या बाटल्या किती, आणि या महिन्यात किती रोगी पुढं पाठवले, कशामुळं : डॉक्टर नव्हता, औषध नव्हतं, रक्त नव्हतं, की खरोखरच इथलं काम नव्हतं. महिनाभर हा फळा खरा लिहिला, तर काय मागायचं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

ज्यांच्या घरात अशी ‘पुढं न्या’ची चिठ्ठी पडून आहे, त्यांनी ती चुलीत घालू नका. तिची झेरॉक्स काढा आणि येत्या ग्रामसभेला खिशात घालून या.

आपला,
एक बोरीकर