पाळणा कोणाचा?

परक्याची वस्तू उचलणे ही चोरी, हे लहान पोरासही कळते; परंतु परक्याची कल्पना उचलणे ही चोरी की शिकणे, हे ठरविताना मोठमोठ्या न्यायाधीशांसही घाम फुटतो. आकाशपाळणे, चढउतारांवरून धावणाऱ्या गाड्या, कृत्रिम लाटांचे हौद ही करमणुकीची यंत्रे दिसण्यात पोरखेळ आहेत. तथापि त्यांच्या नकलेवरून अमेरिकेत गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जे दावे लढले गेले, त्यांत एक गंभीर प्रश्न गुंतलेला आहे. एखादी गोष्ट प्रथम करणाऱ्याची तिजवर मालकी किती असावी, आणि किती काळ असावी?

‘नक्कल तेवढी चोरी’ हे सूत्र हल्ली फार सहज उच्चारले जाते. त्याच्या पुरस्कर्त्यांचा पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडू. यंत्र रचणारा मनुष्य वर्षानुवर्षे खपतो, कर्ज काढतो, लोकांची टवाळी सोसतो. ते यशस्वी झाले म्हणजे दुसरा कोणी तिकीट काढून त्यात बसतो, डोळ्यांनीच मापे घेतो आणि पुढच्या हंगामात निम्म्या खर्चात तेच उभे करून गर्दी खेचतो. असे होऊ लागले तर नवे रचण्याच्या फंदात पडणार कोण? या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की या तथ्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मान्य केल्यास नुकसान रसिकांचे व कारागिरांचे होईल.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घ्या. विल्यम सॉमर्स या गृहस्थाने १८९२ साली अटलांटिक सिटी, ॲस्बरी पार्क व कोनी आयलंड येथे ५० फूट उंचीचे लाकडी पाळणे उभारले आणि जानेवारी १८९३ मध्ये त्यांचे पेटंट मिळविले. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र फिरविले. त्यास ३६ डबे, आणि प्रत्येक डब्यात ६० माणसांची सोय. सॉमर्सने फेरिसवर दावा लावला. फेरिसच्या बाजूने सांगण्यात आले, की दोहोंच्या रचनेत व तंत्रात महदंतर आहे. हे पटून दावा फेटाळला गेला.

हा निकाल कित्येकांस अन्यायाचा वाटतो. आम्हांस तो सर्वस्वी योग्य वाटतो. फिरत्या चक्रास माणसे टांगावी, ही कल्पना सॉमर्सची तरी कोठे होती? १६१५ साली पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी कॉन्स्टँटिनोपल येथे अशा चक्रात बसला होता. १६२० साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने आजच्या बल्गेरियात असेच चक्र पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. आपल्याकडील जत्रांतून हातांनी फिरविले जाणारे लाकडी रहाटपाळणे तर कोणा एकाचे म्हणून कोणीच कधी सांगितले नाहीत. सॉमर्सचा हक्क त्याच्या विशिष्ट जोडणीवर होता, चक्राच्या आनंदावर नव्हता. तो दावा जिंकला असता, तर ज्या पाळण्यात शतकानुशतके पोरे बसत आली, त्याच्या दाराशी एकच माणूस जकात वसूल करीत बसला असता. आणि गंमत अशी, की फेरिस १८९६ साली अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. पण जे त्याने प्रथम कल्पिले नव्हते, त्यास इंग्रजीत आजही त्याचेच नाव आहे. श्रेय जनता आपल्या मर्जीने वाटते. ते कज्जे करून मिळत नाही.

आता नकलेने काय साधते ते पाहू. लामार्कस थॉम्प्सनने १८८४ साली कोनी आयलंड येथे आपली उताराची गाडी सुरू केली. भाडे पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. टोकास पोचल्यावर उतारूंनी खाली उतरायचे, नोकरांनी गाडी वर ढकलायची आणि मग परतीचा प्रवास. पेटंट त्यास १८८५ च्या जानेवारीत मिळाले. परंतु त्याच सुमारास चार्ल्स ॲल्कोकने मार्गाची दोन्ही टोके जोडून गाडी निघाल्या जागी परत आणली, आणि पाठोपाठ फिलिप हिंकलने ती यंत्राने चढावर ओढून नेण्याची सोय केली. थॉम्प्सनच्या कल्पनेला कुंपण घातले असते, तर नोकर कितीतरी काळ गाडी ढकलीत राहिले असते. शिवाय थॉम्प्सनच्या आधी, १८१७ साली, पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या उतारावरून धावत होत्या. आणि त्यांचे मूळ रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत होते. ज्याने स्वतः उसने घेतले, त्याने दुसऱ्यास उसने देताना हात आखडता घ्यावा, हे शोभत नाही.

याहून बोधप्रद गोष्ट उलट्या फेऱ्याची आहे. १८९५ साली कोनी आयलंडच्या सी लायन पार्कात प्रवाशांस उलटे फिरविणारी गाडी आली. तिचा फेरा पूर्ण वर्तुळाकार होता. त्यामुळे फेऱ्यात शिरताना असा हिसका बसे, की माना दुखावत. १९०१ साली एडविन प्रेस्कॉटने तोच उलटा फेरा घेतला, पण त्यास लंबगोल आकार देऊन तो हिसका पुष्कळ कमी केला. ही नक्कल म्हणावी की दुरुस्ती? चुकीची दुरुस्ती करावयाची, तर जिच्यात चूक आहे त्या वस्तूस हात लावण्याची मुभा हवी.

हल्लीच्या खटल्यांतही हेच दिसते. गाड्या चुंबकांच्या साह्याने थांबविण्याच्या ब्रेकसंबंधी इंटामिन कंपनीने मॅग्नेटार कंपनीवर दावा केला होता. पेटंटाचे उल्लंघन झाले की नाही, हा प्रश्न २००७ साली अपील न्यायालयाने विचारात घेतला. तेथे वाद चुंबकांच्या मांडणीतील बारकाव्यांवर चालला. चुंबकाने गाडी थांबविण्याची कल्पना कोणाची, यावर नव्हे. कृत्रिम लाटांच्या हौदांवरून चाललेला खटला तर आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. एका अभियंत्याने नोकरी सोडून भागीदारीत स्वतःचा धंदा काढला व नव्या रचनांची पेटंटे घेतली. जुन्या मालकाचे हक्क घेतलेल्या व्हाइटवॉटर वेस्ट कंपनीने करार पुढे केला, की त्या नोकरीतील कामावरून सुचलेले शोध, नोकरी सुटल्यावर लावलेले असले तरी, कंपनीचेच! प्रथम न्यायालयाने कंपनीस उचलून धरले. २०२० साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि असे कलम कॅलिफोर्नियाच्या कायद्याने रद्द ठरते असे सांगितले. मनुष्याचे हात व बारा महिन्यांचे श्रम भाड्याने घेता येतात. त्याच्या डोक्यात उद्या येणारा विचार आजच गहाण ठेवून घेता येत नाही. ‘नक्कल तेवढी चोरी’ म्हणणाऱ्यांनी आपले सूत्र अखेर कोठे पोचते, ते येथे पाहावे.

वाङ्मयाच्या वाचकांस तरी हे नवे वाटू नये. मुक्तेश्वरांनी भारतकथा मराठीत आणली. पुढे मोरोपंतांनी तीच आर्यांत रचली. मोरोपंतांस चोर म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही, कारण कथा सर्वांची आणि आर्या त्यांची. हीच सीमारेषा यंत्रांसही लागू आहे.

मग नक्कल करणाऱ्यास मोकळे रान द्यावे काय? मुळीच नाही. दुसऱ्याने शोधलेली नेमकी युक्ती, तिची मुदत चालू असता, जशीच्या तशी उचलणाऱ्याकडून भरपाई अवश्य घ्यावी. पेटंट हा शोधक व समाज यांच्यातील सौदा आहे: शोधकाने आपली युक्ती उघड लिहून द्यावी, समाजाने काही वर्षे तिचे फळ त्यासच चाखू द्यावे, आणि मग ती सर्वांची व्हावी. आपल्या देशात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. वस्तूच्या बाह्य आकृतीची नोंद केल्यास २००० सालच्या कायद्याने १० वर्षे व वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. हे पुरेसे आहे. याहून अधिक मागणारास सौद्यातील आपलेच पारडे जड करून हवे असते.

परंतु या सर्व कज्ज्यांत एका पक्षाचे वकीलपत्र कोणीच घेत नाही, आणि तो पक्ष पाळण्यात बसलेल्या मुलाचा. कंपन्या भांडतात त्या नफ्यासाठी. नुसता आकार पाहून यंत्र उभारणारा, ज्याने पोलादाची जात, जोडांची ताकद व भाराचे गणित यांपैकी काहीच समजून घेतलेले नाही, तो मूळ शोधकाचा थोडा अपराधी आणि त्या मुलाचा फार मोठा अपराधी आहे. न समजता केलेली नक्कल कोणतीही मुदत संपल्यावर निर्दोष होत नाही. कायद्याने आपली करडी नजर वळवावयाची, ती तिकडे वळवावी. पाळण्याची कल्पना सर्वांची आहे; पण तो उभारणाऱ्याने आत बसलेल्या पोराचा भार स्वतःच्या शिरावर घेतलाच पाहिजे.