परतीची गाडी आधी ठरवा

छत्रपती संभाजीनगरला मुक्काम टाकलेल्या पर्यटकाला दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला जायचे असते आणि आदल्या रात्री घरच्यांत चर्चा रंगते ती एसटी की ॲपवरची टॅक्सी अशी. बोलणे सहसा दोन मुद्द्यांभोवती फिरते: पैसे किती पडतील आणि आराम किती मिळेल. मुद्दे खोटे नाहीत, पण केवळ त्यांच्यावर निर्णय सोडला की तो फसण्याचा संभव फार. एका दिवसाच्या सहलीत सकाळी जेथून निघायचे, संध्याकाळी तेथेच परतायचे असते. सकाळी शहरातून निघताना वाहनांना तोटा नसतो. संध्याकाळी शंभर किलोमीटरवरच्या फाट्यावर कोणते वाहन हमखास मिळेल, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ते आधी विचारले तर जाण्याचे वाहन आपोआप ठरते, आणि बहुतेक वेळा ते ॲपवरची टॅक्सी नसते, असे माझे मत आहे.

ॲपवरची सेवा शहराच्या मापाने बेतलेली आहे. एक प्रवासी उतरला की दुसरा जवळपासच मिळेल, या भरवशावर तिचे दर आणि चालकाची कमाई उभी असते. क्रांती चौकातून सिडकोत सोडलेल्या चालकाला पुढचे भाडे सिडकोतच मिळते. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला सोडलेल्या चालकापुढे मात्र दोनच वाटा उरतात: रिकामी गाडी घेऊन परत यायचे, किंवा कोणी भेटेल या आशेवर झाडाखाली बसायचे. म्हणून असे लांबचे एकेरी भाडे आले की कोणी ते रद्द करतो, कोणी परतीच्या डिझेलचे वेगळे पैसे तोंडी मागतो. यात चालकाची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. रिकाम्या फेरीचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत आकारणी करण्याची मुभा केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी दिली होती, २०२५ मध्ये ती दुपटीपर्यंत गेली. पण वाढीव दराने गाडी ओढली जाते ती गाड्या आसपास असतील तेव्हा. फाट्यावर मुळात गाडीच नसेल तर दुप्पट मोजायची तयारी दाखवूनही फोनवरचे चक्र नुसते फिरत राहते.

आता अजिंठ्याचा भूगोल पाहा. लेण्यांकडे वळणारा फर्दापूरजवळचा फाटा संभाजीनगर–जळगाव या वाहत्या रस्त्यावर आहे. म्हणजे तिथे थांबणारी एसटी ही खास पर्यटकांसाठी सोडलेली गाडी नव्हे. सिल्लोडचा व्यापारी, जळगावला निघालेला विद्यार्थी, लग्नाला चाललेले वऱ्हाडी यांच्यासाठी ती रोज धावते, आणि पर्यटक एकही आला नाही तरी धावते. दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावरच्या ठिकाणाचे हे मोठे सुख असते: एक गाडी चुकली तर दुसरी येते, आणि दोन्ही दिशांनी येते. संभाजीनगरहून अडीच-तीन तास लागतात. (रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, जळगाव येथून साठेक किलोमीटरवरच आहे, केवळ अजिंठाच पाहायचा असेल तर संभाजीनगरचा वळसा कशासाठी?) वाहकाला ‘लेणी फाटा’ असे स्पष्ट सांगून ठेवावे, कारण अजिंठा गाव घाटाच्या वर राहते आणि लेण्यांचा फाटा घाट उतरल्यावर येतो. नावाला भुलून गावात उतरणारे अजूनही असतात. फाट्यावर उतरल्यावर तर टॅक्सी आणि एसटी यांतला भेदच संपतो. धुराचा उपद्रव लेण्यांना होऊ नये म्हणून खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडेच थांबवली जातात. पुढे सगळ्यांनी बसमध्येच बसायचे, मग सकाळी कोणी महागड्या मोटारीतून आलेले असो की लाल गाडीतून. म्हणजे टॅक्सीला जास्त पैसे मोजून दारापर्यंत पोहोचण्याचे जे सुख विकत घ्यायचे, ते इथे विकायलाच नाही. आणि आपण लेणी पाहत असताना चार-पाच तास ती टॅक्सी उभी राहते, त्याचा आकार वेगळा.

पैशांचा हिशेब लोक बहुधा अर्धवटच करतात. ‘आम्ही पाच जण, टॅक्सी वाटून घेतली की एसटीच्याच भावात पडते,’ असे म्हटले जाते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, आई-वडील आणि नऊ व अकरा वर्षांची दोन मुले असे कुटुंब धरू. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट फार पूर्वीपासून आहे. पाच माणसांची मिळून अडीच तिकिटे होतात. उलट लहान टॅक्सीत चालक सोडून चौघांचीच सोय, म्हणजे पाचव्यासाठी मोठी गाडी सांगावी लागते. चार धडधाकट तरुण मित्र असतील तर आकडे जवळ येतात, हे मान्य. पण महाराष्ट्रात सहलीला निघणारे कुटुंब सहसा आजी आणि नातवंडांसकटच निघते.

हाच न्याय वेरूळला लावायला गेलो तर तो लागू पडत नाही, आणि ते कबूल करायला हवे. वेरूळ शहरापासून जेमतेम तीस किलोमीटर, पण तिथे जाणारा माणूस एकट्या लेण्यांसाठी जात नाही. वाटेत देवगिरीचा किल्ला, मग खुलदाबादला भद्रा मारुती, पुढे लेणी आणि लेण्यांना लागून घृष्णेश्वर, असा तो दिवस असतो. किल्ला चढून उतरायलाच दोन-तीन तास जातात. प्रत्येक थांब्यावर नव्याने एसटीची वाट पाहायची तर उन्हातच निम्मा दिवस जाईल. ॲपवरून टप्प्याटप्प्याने गाडी बोलवायची तर प्रत्येक ठिकाणी पुन्हा नशिबाची परीक्षा. इथे उत्तम तोडगा जुनाच आहे: दिवसभरासाठी ठरवलेली रिक्षा किंवा जीप. थांबे, वेळ आणि एकूण रक्कम निघण्याआधी बोलून घ्यायची, पैसे परत आल्यावर द्यायचे. एकट्यादुकट्याने फक्त लेणी पाहायची असतील तर एसटी किंवा काळीपिवळी पुरते. पैठणची गोष्ट आणखी वेगळी. तालुक्याचे गाव, आपले स्थानक, सारख्या गाड्या, तिथे टॅक्सीचा विचारही करू नये. पितळखोऱ्याला मात्र एसटीच्या भरवशावर जाऊ नये. ती लेणी गौताळ्याच्या जंगलात, वाहत्या रस्त्यापासून आत आहेत, आणि आत जाणारा रस्ता पुढे कुठेच जात नाही. अशा ठिकाणी थांबून राहणारे स्वतःचे किंवा ठरवलेले वाहनच हवे. ठिकाण कोणत्या रस्त्यावर आहे आणि दिवसात थांबे किती, यावरून हे सगळे ठरते. प्रवाशाच्या ऐपतीचा संबंध नंतर येतो.

यावर आक्षेप येईल की ॲपवर आता दिवसभराची आणि बाहेरगावची गाडीही मिळते. मिळते, आणि तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण ती घेतली म्हणजे आपण जुनीच भाड्याची गाडी नव्या खिडकीतून घेतली, एवढे समजून घ्यावे. किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल, रात्रीचा आकार हे सगळे तिच्यातही येते. तेव्हा तुलना करायची ती मुक्कामाच्या हॉटेलजवळच्या गाडीवाल्याच्या दराशी, शहरातल्या पाच किलोमीटरच्या फेरीच्या दराशी नव्हे. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि प्रवासाची नोंद फोनवर राहते, हा मात्र तिचा खरा फायदा आहे. विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला तो मोलाचा वाटला तर तिला स्वस्ताईचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, लेणी साडेपाचच्या सुमाराला बंद होतात आणि अंधारात फाट्यावर उभे राहणे कोणालाच सुखाचे नसते. एसटीने गेलेल्यांनी चार-साडेचारलाच लेण्यांतून खाली उतरावे. शेवटच्या लेण्यापर्यंत निवांत पाहायचे असेल आणि निघायला उशीर झाला असेल, तर त्या दिवशी ठरवलेली गाडीच बरी.

राहिला एसटीवरचा नेहमीचा राग: गाड्या खिळखिळ्या, स्थानके अस्वच्छ, वेळेचा भरवसा नाही. यातले बरेचसे खरे आहे. पण गाडी बंद पडली तर वाहक प्रवाशांना त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीत बसवून देतो, कारण ती जबाबदारी महामंडळाची असते. चालकाने फेरी रद्द केली तर ॲप दिलगिरी व्यक्त करते आणि आपण फाट्यावरच असतो. वक्तशीरपणापेक्षा ही जबाबदारी मला परक्या गावात जास्त महत्त्वाची वाटते. माझी एसटीकडची तक्रार वेगळीच आहे. तिच्याजवळ गाडी आहे, रस्ता आहे, सवलती आहेत, फक्त पर्यटकाला हे कळावे अशी व्यवस्था नाही. युनेस्कोने १९८३ मध्ये जागतिक वारशात घेतलेल्या ठिकाणी परप्रांतातला किंवा परदेशातला माणूस उतरतो, तेव्हा परतीची गाडी कधी येणार हे त्याला आसपासच्या टपरीवाल्याला विचारावे लागते. त्याला मराठी येत नसेल तर तेही नाही. मग तो फोन काढून टॅक्सी शोधतो, यात नवल कसले?

त्यासाठी नव्या गाड्या घ्यायला नकोत. फाट्यावर संभाजीनगर आणि जळगाव या दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या वेळा मराठी, हिंदी, इंग्रजीत ठळक लावाव्यात. त्यात शेवटच्या गाडीची वेळ निराळ्या रंगात असावी. शहरातल्या स्थानकावर सोमवारी ‘आज अजिंठा बंद’ आणि मंगळवारी ‘आज वेरूळ बंद’ एवढे लिहिले तरी दरवर्षी कितीतरी लोकांची फेरी वाचेल. आणि एकच तिकीट द्यावे, ज्यात जाणे, फाट्यापासून लेण्यांपर्यंतची बस आणि परतीच्या गाडीतली राखीव जागा हे तिन्ही येईल. पावसाळा सोडला तर गेटवेहून मांडव्याला बोटीने जाणाऱ्याला पुढे अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात मिळते, आणि ती सोय खासगी बोटवाल्यांनी करून दाखवली आहे. फर्दापूरला तर लांबची गाडीही एसटीची आणि लेण्यांपर्यंतची बसही एसटीचीच.