मनोबल कुणाचं?

युद्धात कलावंत जवानांचं मनोबल वाढवतात, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की त्यातला जवान नेमकं काय ऐकतो, हे विचारायचंच राहून गेलं. माझं म्हणणं असं, की ज्याला आपण जवानांचं मनोबल म्हणतो ते बहुतेक वेळा आपलंच असतं.

सगळ्यात पवित्र उदाहरणच घेतो. 27 जानेवारी 1963ला दिल्लीत लताबाईंनी गायलेलं, कवी प्रदीप यांचं ते गाणं. चीनने युद्धविराम जाहीर केला होता 21 नोव्हेंबर 1962ला. म्हणजे लढाई थांबून दोन महिने झाले होते. गाणं मेलेल्यांचं, ऐकणारी राजधानी, आणि दंतकथा झाली ती नेहरूंच्या डोळ्यांतल्या पाण्याची. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची ती चाल मला आजही गप्प करते, यात वाद नाही. पण ते हरलेल्या नागरिकांचं सांत्वन होतं. प्रदीप यांनी त्या गाण्याचं मानधन युद्धविधवांच्या निधीला देऊन टाकलं होतं. त्या निधीत दहा लाख रुपये भरा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला 2005 साली संगीत कंपनीला द्यावा लागला. मधली बेचाळीस वर्षं देश त्या गाण्यावर रडतच होता.

आता त्याच युद्धातली दुसरी गोष्ट, जी दिल्लीत कुणाला ठाऊक नाही आणि पुण्यातही फारशी सांगितली जात नाही. विठाबाई नारायणगावकर त्या काळात आपला फड घेऊन सीमेवरच्या जवानांपुढे नाचल्या. गण, गवळण, लावणी, वग, सोंगाड्याच्या कोट्या. त्यात हौतात्म्य नव्हतं. पोरांना हसवणं होतं, घरची आठवण होती आणि सरळ सरळ शृंगार होता. घरापासून हजारो मैल दूर, थंडीत कुडकुडणाऱ्या विशीतल्या पोराला याहून वेगळं काय हवं असतं?

ही गोष्ट आपण का सांगत नाही? कारण ती मांग समाजातल्या एका तमासगिरणीची आहे, आणि कारण तिच्यातला सैनिक हाडामांसाचा आहे. आपल्याला पुतळा हवा असतो. पुतळ्याला लावणी कशाला लागेल? पेशवाईत लावणी बहरली, त्यात शिपाईगड्यांच्या छावण्यांचा मोठा हात होता. पुढे सभ्य मंडळींनी मराठेशाही बुडाल्याचा ठपकाही त्याच लावणीवर ठेवला. फंदफितुरी, थकलेले पगार, इंग्रजांची कवायती फौज हे सगळं बाजूला, दोष घुंगरांचा!

हा रोग फक्त आपला नाही. दुसऱ्या महायुद्धात बेलग्रेडच्या जर्मन नभोवाणीवरून ‘लिली मार्लेन’ लागायचं. दिव्याच्या खांबाखाली वाट पाहणाऱ्या मुलीचं गाणं. गोबेल्सला ते मुळीच आवडत नव्हतं, आणि समोरच्या खंदकांतले इंग्रज शिपाईही ते ऐकत होते. व्हेरा लिनच्या हळव्या गाण्यांनी फौज मऊ पडेल, अशी धास्ती बीबीसीतल्या बड्यांना वाटली होती. 1944मध्ये ती थेट ब्रह्मदेशात जाऊन शिपायांपुढे गायली, आणि फौज काही मऊ पडली नाही. सरकारला हवं ते गाणं आणि शिपायाने मागितलेलं गाणं यांत नेहमी हे अंतर पडतं. विविध भारतीवरच्या ‘जयमाला’कडे फौजी ज्या फर्माइशी पाठवत त्या सिनेमातल्या प्रेमगीतांच्या असत, हे ऐकणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

मी गुरुग्रामला राहतो, आणि काचेच्या इमारती विसरल्या तर हा सगळा पट्टा फौजींचा आहे. रेझांग लाला 18 नोव्हेंबर 1962ला जे शंभरावर जवान पडले, ते बहुतेक याच अहिरवालातले. इथल्या गेटांवर पहारा देणाऱ्यांत निवृत्त फौजी पुष्कळ. रात्री त्यांच्या मोबाइलवर रागिणी लागलेली असते, बऱ्याचदा फौजी मेहर सिंह यांची. सोनीपतजवळच्या बरोणा गावचा हा शिपाई दुसऱ्या महायुद्धात गेला. रागिण्या ठेवून गेला त्या शौर्यापेक्षा ताटातुटीच्या: रजा संपलेला नवरा, दाराशी उभी बायको. वरच्या मजल्यांवरून आवाज कमी करायला सांगितलं जातं. तेच वरचे मजले 15 ऑगस्टला सकाळी सातपासून भोंगे लावतात.

कुणी म्हणेल, नागरिकांनाही धीर लागतो. लागतोच. सुनील दत्त यांच्यासारखे सिनेमावाले आपला चमू घेऊन चौक्यांपर्यंत गेले, हेही खरं; त्यांना माझा नमस्कार. माझा राग आहे तो चोरीच्या पावतीवर. 3 जून 2025ला आयपीएलच्या अंतिम सामन्याआधी अहमदाबादच्या स्टेडियमवर देशभक्तीची गाणी झाली, ती सैन्यदलांना मानवंदना म्हणून. आनंद आपण घ्यायचा आणि पावती जवानाच्या नावाने फाडायची.

विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता. 2002 साली त्या गेल्या तेव्हा इस्पितळाचं बिल भरायला देणगीदार शोधावे लागले. चार वर्षांनी महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव सुरू केला. पुढच्या वेळी स्टेडियममध्ये गाणी लावाल तेव्हा ती आमच्यासाठी आहेत, असं उघड सांगा. जवानांसाठी काही करायचंच असेल तर एक फड ट्रकमध्ये बसवून चौकीवर पाठवा, बायांना पूर्ण सुपारी द्या, आणि त्या परत आल्यावर दवाखान्याचा खर्चही उचला.