साहेबांची बदली झाल्यावर

हा दिवाळी अंक तुमच्या हाती येईल तेव्हा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, खामगाव, शेगाव, मलकापूरच्या दवाखान्यांत लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी लागलेली असेल. त्या पाळीतल्या सिस्टर, ब्रदर, कक्षसेवकांना दवाखान्याचा कारभार कसा चालावा हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. यंदा आम्ही तेच विचारायचं ठरवलं.

सरकारी दवाखान्यातल्या माणसांच्या अपेक्षा अवाजवी नसतात. ड्युटी लिस्ट वेळेवर लागावी, रजा तोंड बघून मिळू नये, औषध संपलं की नातेवाइकांचा राग एकट्या सिस्टरने झेलू नये. दवाखान्याचे एखादे साहेब हे सगळं मार्गी लावतात, आणि त्यांची बदली होताच घडी विस्कटते. आमच्या मते जो कारभार एका माणसाबरोबर निघून जातो, तो कितीही चांगला असला तरी अपुराच.

टिकाऊ घडीची गरज संकटात कळते. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली, 25 जण होरपळून गेले. मृतदेह बुलढाण्याला आले. ओळख पटवण्यापासून आप्तांना सावरण्यापर्यंतचं काम अशा वेळी ऐनवेळच्या हुकमावर होत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आणि एकमेकांवरचा भरवसा लागतो. 2024च्या अखेरीस शेगाव तालुक्यात केसगळती सुरू झाली, तेव्हाही बोंडगाव, कालवडच्या दारात पोचले ते गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारीच.

टिकणारी व्यवस्था कशी असते हे शेगावला सांगायला नको. तिथल्या गजानन महाराज संस्थानाचे व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील 4 ऑगस्ट 2021 रोजी गेले. संस्थानातल्या सेवाधाऱ्यांची शिस्त आणि नम्रता आजही तशीच आहे, कारण भाऊंनी ती माणसामाणसांत रुजवली होती. सरकारी दवाखाना म्हणजे संस्थान नव्हे, हे मान्य. दवाखान्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी माणसं अनेक वर्षं राबतात आणि कायम होण्यासाठी त्यांना 19 ऑगस्ट 2025पासून राज्यभर संपावर जावं लागलं. उद्याच्या नोकरीची खात्री नसलेल्यांकडून दूरचा विचार मागणं अन्यायाचं आहे.

2024मध्ये बुलढाण्यात 100 जागांचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नवी पदं आली, नवे साहेब येतील. चार्ज देताना रजिस्टरं आणि साहित्याची यादी होतेच. तिच्यासोबत परिसेविका, कक्षसेवक, सफाई कामगारांना विचारून आणखी एक कागद लिहिला जावा: या साहेबांनी सुरू केलेलं काय चालू ठेवायचं. त्यावर येणाऱ्या साहेबांचीही सही असावी.