मोटारीस कार्बनचे वस्त्र

"मामा, आईकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला तर ती देत नाही. तुम्ही जरा शब्द टाका," असा माझ्या भाच्याचा गोत्रीहून फोन आला, तेव्हा श्रावण नुकताच लागला होता. आमच्या ताईच्या घरी हा काटा म्हणजे मानाचा जिन्नस. नारळीपौर्णिमेच्या वड्या असोत की दिवाळीचे अनारसे, त्याच्या साक्षीवाचून तिचे पाऊल पुढे पडत नाही. त्यावर भाच्यास काय तोलावयाचे आहे असे विचारले, तेव्हा कळले की त्यास राळ तोलावयाची आहे. ताईच्या नकारात मला काही वावगे दिसेना. तरी कुतूहल वाटून मी संध्याकाळी गोत्रीस गेलो.

प्रकरण असे होते. त्यांच्या घरची मोटार आता जुनी झाली आहे. तिच्या आत दारांवर, गिअरभोवती आणि डॅशबोर्डावर लाकडाचा छाप असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत. बडोद्याच्या उन्हाने तो छाप विटला, त्याचे पापुद्रे निघाले. नव्या पट्ट्या मिळेनात, तेव्हा भाच्याने ठरविले की जुन्यांवरच घरच्या घरी कार्बन तंतूंचे कापड चढवावयाचे. त्याने ते कापड माझ्यापुढे उलगडले. काळेभोर, चकचकीत, आणि जीनच्या कापडास असते तशी तिरपी वीण.

"कार्बन म्हणजे कोळसाच ना रे?" ताईने विचारले.

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. ज्या ॲक्रिलिक लोकरीचे स्वेटर आपण विणतो, तिच्याच जातीचा तंतू प्रथम ताणून हवेत दोनशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवितात. नंतर प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात. तो जळत नाही, कारण जळण्यास हवाच नाही. त्यातील इतर द्रव्ये निघून जातात आणि मागे जवळजवळ निखळ कार्बन राहतो. असा एक तंतू साधारण सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे दशांश. भाच्याच्या कापडातील प्रत्येक दोऱ्यात असे तीन हजार तंतू होते.

आम्हां बडोदेकरांस हा विषय अगदीच परका नाही. येथील आयपीसीएलच्या कारखान्यात ॲक्रिलिक तंतू होत असे. पुढे २०१० साली बडोद्याजवळ केमरॉक कंपनीने बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या तंत्राने कार्बन तंतूंचा कारखाना उभारला.

मोटारींच्या जगात या तंतूचे नाव झाले ते १९८१ साली. मॅक्लारेन कंपनीने आपल्या शर्यतीच्या मोटारीचा सारा सांगाडाच त्याचा केला. त्याच वर्षी इटलीतील मोन्झा येथे जॉन वॉटसन याची मोटार कठड्यावर आदळून दुभंगली. पाहणाऱ्यांनी आशा सोडली होती; वॉटसन मात्र सुखरूप बाहेर आला. तेव्हापासून ही काळी वीण म्हणजे सामर्थ्य, अशी समजूत लोकांच्या मनात पक्की बसली.

येथेच एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. त्या मोटारीत कार्बन हे हाड होते; भाच्याच्या मोटारीत ते वस्त्र होणार होते. प्लॅस्टिकवर चढविलेल्या एका पदराने मोटार बळकट होत नाही, हलकी तर नाहीच नाही. हे मी त्यास स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "ठाऊक आहे, मामा. मला ते माझ्या हातांनी करून पाहावयाचे आहे." या उत्तरापुढे माझा विरोध टिकला नाही. नवा काटा आणण्याचे पैसे मी दिले.

कामास आरंभ गच्चीवर झाला. पट्ट्या प्लॅस्टिकच्या चपट्या पात्याने हलकेच उचकून काढल्या. स्क्रू-ड्रायव्हर लावला असता तर कडांचे टवके उडाले असते. पट्टी हाती आली की प्रथम तिची पाठ वाचावी. तेथे बारीक अक्षरांत प्लॅस्टिकची जात कोरलेली असते. 'एबीएस' असल्यास राळ चांगली धरते. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असल्यास तिला काही चिकटत नाही. खास अस्तर न देता काम केले तर काही महिन्यांत सारे पोपडे सुटून येतात. भाच्याच्या पट्ट्या सुदैवाने पहिल्या जातीच्या निघाल्या. साबणाने धुऊन, जुना छाप खरवडून, जाड पॉलिश पेपराने त्या खरखरीत केल्या व आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतल्या. यापुढे उघड्या बोटाचा स्पर्शही वर्ज्य, कारण बोटाचे तेल राळेचे वैरी.

आता काट्याची गरज. इपॉक्सी राळ आणि तिचा हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, आणि तेथे 'अंदाजपंचे' चालत नाही. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर वाळेल ही समजूत खोटी आहे. प्रमाण चुकले की राळ जन्मभर चिकट राहते. एका वेळी पेलाभर मिश्रण केले तर ते आपल्याच उष्णतेने तापून धुराने भरते, म्हणून थोडे थोडेच करावे. आणि हातमोज्यांवाचून या द्रव्यास हात लावू नये. काहींच्या त्वचेस त्याचे एकदा वावडे जडले की पुढे नुसत्या स्पर्शाने अंगावर चट्टे उठतात, आणि ते वावडे सहसा जात नाही. स्वयंपाकाची भांडी, चमचे, काटा या कामास का देऊ नयेत, हे ताईला कोणी शिकविले नव्हते. तिला ते उपजतच कळले होते.

पट्टीवर काळ्या राळेचा पातळ हात दिला. तो बोटास चिकटेल परंतु बोटाला लागणार नाही, इतका आवळेपर्यंत वाट पाहिली. मग कापड मधोमध टेकवून कडांकडे दाबत नेले. घाईने ओढले की वीण वाकडी होते, आणि या साऱ्या शोभेचे मर्म त्या सरळ विणीतच आहे. कापड कापण्यापूर्वी रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे दोरे सुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी वरून पारदर्शक राळेचा हात दिला.

तिसऱ्या दिवशी पाहतो तो साऱ्या पट्ट्यांवर पांढुरका, तेलकट थर! श्रावणातल्या दमट हवेने हार्डनरवर आपला परिणाम केला होता. भाच्याचे तोंड उतरले. त्यावर उपाय सोपा होता. कोमट पाण्याने थर धुऊन, पुन्हा घासून काम पुढे नेता येते. परंतु पाऊस सरेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे, असे ठरले.

भाद्रपदाच्या उत्तरार्धात उन्हाचा कडाका सुरू झाला आणि काम पुन्हा हाती घेतले. राळेचे आणखी दोन हात झाले. मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, जाडापासून बारीकाकडे जात घासणे. कोरडे घासू नये; तंतूंची धूळ घशास व त्वचेस टोचते, आणि ती वीजवाहक असल्याने विजेच्या उपकरणांत शिरली तर तेथेही घोटाळा करते. शेवटी उन्हाने पिवळे पडू नये म्हणून लॅकरचा हात.

एक पायरी मात्र आपल्याकडील हवेत कोणी गाळू नये. घरच्या तापमानास वाळलेली राळ पुष्कळदा पन्नास-साठ अंशांवर मऊ पडू लागते, आणि वैशाखात बंद मोटारीच्या आत याहून अधिक ताप असतो. म्हणून वाळलेली राळ, डब्यावरील सूचनेप्रमाणे, हळूहळू तापवून पक्की करावी लागते. त्यासाठी ताईचा ओव्हन मागण्याचे धाडस कोणी केले नाही. लॅकर देण्यापूर्वी आमच्या वडिलांची काळी पत्र्याची ट्रंक गच्चीवर उन्हात ठेवली, आत तापमापक टांगला, आणि पितृपक्षातल्या त्या उन्हाने पारा साठाच्या घरात नेला. वडिलांची ट्रंक अशी कामास आली.

दारांच्या पट्ट्या व गिअरची चौकट देखणी झाली. भाच्यास हुरूप आला. एके दिवशी जाऊन पाहतो तो डॅशबोर्डाच्या डाव्या बाजूच्या करड्या झाकणाच्या मापाचे कापड त्याने कापून ठेवले होते. मी त्यास झाकणाच्या कोपऱ्यातील अक्षरे मोठ्याने वाचावयास सांगितले. 'एसआरएस एअरबॅग'.

त्या झाकणाखाली हवेची पिशवी घडी करून ठेवलेली असते. अपघात होताच सेकंदाच्या काही शतांश भागांत ती फुगते, आणि झाकण आतून मुद्दाम पातळ ठेवलेल्या रेषेवर फाटून तिला वाट देते. त्या रेषेवर कार्बन व राळेचा पदर चढविला तर फाटणारे झाकण फाटत नाही. पिशवी अडते किंवा भलतीकडे वळते, आणि पदराचे धारदार तुकडे बसलेल्याच्या तोंडावर उडू शकतात. जी वीण वॉटसनचा जीव वाचविते, तीच येथे जीव घेईल. सुकाणूचक्राचा मध्य, पडद्याच्या पिशव्या असलेले खिडक्यांमधील खांब, पिशवी असलेल्या आसनांच्या कडा, या साऱ्यांस हाच नियम. ही झाकणे घरी उचकू सुद्धा नयेत. डॅशबोर्डाचा माथाही मोकळा सोडावा. त्याची चकाकी समोरच्या काचेत उतरून डोळे दिपविते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण तेवढीच एक जागा जुनी दिसेल."

ताई दारात उभी होती. डावे आसन नेहमी तिचे. ती म्हणाली, "दिसू दे की. तिच्यासमोर मी बसते. मला चालते."

त्याने कापलेले कापड घडी करून ठेवून दिले.

परतताना कलाभवनावरून आलो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते स्थापिले आणि त्रिभुवनदास गज्जर यांनी त्याची घडी बसविली. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम तेथे शास्त्रासह शिकवीत. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. आज तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा आहे. हातास काम आणि कामामागे कारण, ही त्या वास्तूची शिकवण. भाच्याने राळ लावावयास तर शिकलीच. परंतु कोठे लावू नये हे ज्या दिवशी त्यास पटले, त्या दिवशी तो कारागीर झाला, असे मी मानतो.

दसऱ्यास मोटारीची पूजा झाली. काळ्या विणीवर झेंडूचा रंग खुलून दिसला, आणि ते करडे झाकण डाव्या आसनासमोर जसेच्या तसे होते. भाच्याचा नवा काटा आता गच्चीवरील खोलीत असतो. ताईच्या काट्यास अजून कोणी हात लावलेला नाही.