हृदयाला यंत्र, मनाला काय?

छातीत पेसमेकर बसवलेल्या बाईला घरी सोडताना कागदावर सूचना मिळतात: जखम ओली करू नका, काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्यावर नेऊ नका, तपासणीला या. मग वेणी कशी घालायची, दोरीवर धुणे कोण वाळत टाकणार, फळीवरचा डबा कोण काढून देणार, हे कागदावर नसते. मनाचे तर काहीच नसते.

रुग्णालयात समाजकार्यकर्ती म्हणून माझा बराच वेळ ट्रस्टचे अर्ज भरण्यात जातो. यंत्राचे पैसे उभे राहिले की केस संपली, असे धरले जाते. माझ्या मते खरे काम तिथून सुरू होते.

पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला गती देतो. आयसीडी हे दुसरे यंत्र. ठोके जीवघेणे बेफाम झाले तर ते आतून विजेचा धक्का देते. १९८० साली बाल्टिमोरला ते प्रथम बसवले गेले, तेही एका बाईला. धक्क्याने जीव वाचतो, पण छातीत लाथ बसल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात. पुढचा कधी बसेल, ही धास्ती उरतेच. आयसीडीच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला चिंता वा नैराश्य ग्रासते, असे अभ्यास सांगतात.

बाईच्या वाट्याला आणखी काही येते. यंत्र बसते ते गळ्याजवळच्या हाडाखाली, आतल्या कपड्याचा पट्टा जातो त्याच भागात. लग्नाच्या मुलीचा व्रण घरचे लपवतात. 'आता हिला मूल नको' असे सासरी परस्पर ठरते. खरे तर केवळ यंत्रामुळे गरोदरपण वर्ज्य होत नाही. मूळ हृदयविकार किती गंभीर आहे, ते डॉक्टरांनी पाहायचे असते. धक्क्याने कडेवरच्या लेकराला इजा होईल म्हणून आई त्याला उचलत नाही. प्रत्यक्षात जवळच्याला फार तर झिणझिणी जाणवते. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, हे तर बोलायचेच नसते. काही वर्षांनी यंत्र बदलायची वेळ येते, तेव्हा 'मी घराला भार' ही बोचणी पुन्हा वर येते. अशा बाईला माहिती न देता 'मन खंबीर कर' म्हणणे म्हणजे सगळी जबाबदारी तिच्यावरच ढकलणे.

म्हणून मैत्रिणींनो, हा आपल्या आरोग्य-हक्काचा प्रश्न आहे. शस्त्रक्रियेआधी बाईशी एकटीशी, तिच्या भाषेत बोलले जावे. यंत्राच्या तपासणीबरोबर मनाचीही विचारपूस व्हावी. यंत्र बसवलेल्या बायकांना एकमेकींना भेटता यावे. त्यासाठी आपल्या मंडळाची खोली महिन्यातून एक दुपार पुरे.

शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला, कारण त्यांची पत्नी एल्स-मारी डॉक्टर आणि इंजिनियर यांच्या मागे लागली होती. नवऱ्याच्या हृदयासाठी बायका असा हट्ट धरत आल्या आहेत. तोच हट्ट आता आपल्यासाठी धरू या.