हजार वर्षांची जखम कोणाची?

‘भारत हजार वर्षे गुलामीत होता’ हे पालुपद आता भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकांच्या वादांतून सतत कानावर आदळते. २०१४ साली लोकसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बाराशे वर्षांच्या गुलामीच्या मानसिकतेची भाषा केली. या सिद्धांताला जागतिक प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत नोबेल विजेते कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनमध्ये ते वारले. सिद्धांत मात्र जिवंत आहे. म्हणूनच आंबेडकरी चळवळीने नायपॉल यांचा हिशेब नीट मांडला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

नायपॉल यांचा जन्म १९३२ साली त्रिनिदादमध्ये झाला. तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या गिरमिटिया मजुरांचे ते वंशज. कुटुंब ब्राह्मण. समुद्र ओलांडला तरी ब्राह्मण्याची जाणीव घरातून गेली नव्हती, हे त्यांच्याच लेखनातून दिसते. १९५० साली शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले आणि पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. १९६१ च्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीने त्यांचे नाव झाले.

१९६४ साली ‘अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस’ हे त्यांचे भारतावरील पुस्तक आले आणि इथले अनेक प्रतिष्ठित संतापले. मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी त्याला लेख लिहून उत्तर दिले. त्या पुस्तकात तुच्छता भरपूर आहे. पण एक गोष्ट त्यांनी अचूक टिपली. या देशात झाडूवाल्याचे खरे काम सफाई करणे नाही. हीन म्हणून वावरणे हेच त्याचे काम ठरवलेले आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. जन्मभर झाडू हाती घ्यावा लागलेल्या आमच्या माणसांना हे सांगायला परदेशी लेखकाची गरज नव्हती. तरीही ते त्यांनी जगासमोर मांडले, हे मान्य केले पाहिजे.

मग ते चुकले कुठे? रोग पाहिला, पण कारण भलतीकडेच शोधले. १९७७ सालच्या ‘इंडिया : अ वुंडेड सिव्हिलायझेशन’ची सुरुवातच ते विजयनगरच्या विध्वंसापासून करतात. परकीय आक्रमणांनी हिंदू संस्कृती जखमी झाली, असा त्यांचा निष्कर्ष. विजयनगर पडले १५६५ साली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या सुमाराचा ठरवला आहे. त्याच सुमारास आलेला चिनी प्रवासी फाहियान सांगतो की, चांडाळांना गावाबाहेर राहावे लागे आणि गावात शिरताना लाकूड वाजवून आपण आल्याची सूचना द्यावी लागे. तेव्हा कोणता सुलतान होता? कोणता मोगल होता? आणि पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके बांधणारी पेशवाई कोणत्या परकीयांची होती? नायपॉल यांच्या कालगणनेत आमची जखम बसतच नाही.

१९९० साली त्यांचे ‘इंडिया : अ मिलियन म्युटिनीज नाऊ’ आले. हे पुस्तक सुरू होते मुंबईत, बाबासाहेबांच्या जयंतीसाठी जमलेल्या लोकांच्या लांबच लांब रांगेपासून. नामदेव ढसाळ आणि मल्लिका अमरशेख यांना भेटून त्यांनी सविस्तर लिहिले. भारतात लाखो बंडे पेटली आहेत आणि त्यांतून देश जागा होतो आहे, असे ते म्हणाले. ऐकायला हे छान वाटते. पण त्यांनी दलितांचे बंड आणि शिवसेनेचा उठाव एकाच टोपलीत टाकले. हीच शिवसेना मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध करत होती आणि १९८७-८८ मध्ये ‘रिडल्स’वरून बाबासाहेबांच्या ग्रंथाविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. माणूसपण मागणारे बंड आणि ते नाकारणारी दांडगाई यांत फरकच करायचा नसेल, तर बंड या शब्दाला अर्थ काय उरला?

या गफलतीचे फळ लवकरच दिसले. ६ डिसेंबर १९९२ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, बाबरी मशीद पाडली गेली. नायपॉल यांनी त्यात ऐतिहासिक जागृती पाहिली. २००४ साली ते दिल्लीत भाजपच्या कार्यालयात जाऊन आले. २०१२ साली मुंबईच्या साहित्य महोत्सवात त्यांचा गौरव झाला, तेव्हा गिरीश कर्नाड यांनी त्याच व्यासपीठावरून त्यांच्या मुस्लिमविषयक भूमिकेवर कडाडून टीका केली. ती योग्यच होती. पण नायपॉल यांच्या इतिहासात मुसलमान गुन्हेगार ठरतो तेव्हाच जातिव्यवस्था निर्दोष सुटते, हेही तितक्याच जोरात सांगायला हवे होते. ते काम आमचे आहे.

नायपॉल यांची पुस्तके जाळू नयेत आणि त्यांचा उदोउदोही करू नये. आमच्या तरुणांनी ती जरूर वाचावीत, मात्र शेजारी ‘द अनटचेबल्स’ उघडे ठेवून. हजार वर्षांच्या गुलामीचा हिशेब कुणी मांडू लागला की त्याच्याकडून आधीच्या सहाशे वर्षांचाही हिशेब मागावा.